नवा पाइप, जुना पाइप आणि पिण्याचं पाणी

प्रश्न पुण्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा आहे. इमारत नव्वदच्या दशकातली. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप गंजून बाद झाले म्हणून सहा महिन्यांपूर्वी सगळी लाइन सीपीव्हीसी या प्लॅस्टिकची केली. आता काही घरांत सकाळच्या पहिल्या पाण्याला वास येतो. एका सभासदाचं म्हणणं, प्लॅस्टिक वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहतं आणि त्यातून कॅन्सर होतो. दुसऱ्यांना सगळं उखडून तांब्याचे पाइप हवे आहेत. यात खरं किती, आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत पाणी आणखी बिघडत जाणार का, असं सेक्रेटरी विचारतात.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पाइपातून पाण्यात जे काही उतरायचं असतं ते सगळ्यात जास्त पहिल्या काही आठवड्यांत उतरतं आणि मग कमी कमी होत जातं. म्हणजे लोकांना जुन्या पाइपाची भीती वाटते, पण प्लॅस्टिकचा स्वतःचा त्रास असतो तो नव्या पाइपाचा. पाइप जुना झाल्यावर पाणी बिघडतं ते त्याच्या आतल्या अंगावर बसणाऱ्या थरामुळे, उन्हाने मारलेल्या भागामुळे आणि पाइपाला जोडलेल्या बाकीच्या सामानामुळे. तक्रार आली की मी पाइपाकडे शेवटी वळतो. आधी टाकी, नळ, वॉशर आणि होज बघतो.

आता पाइपाच्या पोटात काय असतं ते. पीव्हीसी नुसतं तापवलं तर पाइप व्हायच्या आत करपतं, म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालावा लागतो. तो शिशाचा असतो, कथिलाचा असतो किंवा कॅल्शियम-झिंकचा. पाइप मशिनमधून बाहेर पडतो तेव्हा यातला थोडा भाग आतल्या पृष्ठभागावरच असतो. पहिल्यांदा पाणी खेळलं की तो धुऊन निघतो. आतल्या भागातला पृष्ठभागापर्यंत यायचा तर त्याला पीव्हीसीमधून सरकत यावं लागतं, आणि आपल्याकडच्या तापमानाला पीव्हीसी काचेसारखं घट्ट असतं. साधारण ८० अंशांच्या आसपास ते नरम पडतं. त्यामुळे थंड पाण्याच्या लाइनमध्ये हा झिरपा फार मंद असतो. सीपीव्हीसी म्हणजे तेच पीव्हीसी, त्यात क्लोरीनचं प्रमाण वाढवलेलं, म्हणून ते आणखी उष्णता सोसतं. त्यात बहुधा कथिलाचा स्टॅबिलायझर असतो. तोही सुरुवातीला उतरतो आणि मग ओसरतो.

कॅन्सरची गोष्ट हवेतून आलेली नाही. पीव्हीसी ज्यापासून बनतं तो व्हिनाइल क्लोराइड वायू माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेलं आहे. पाइपात तो शिल्लक राहिला तर पाण्यात येतो. अमेरिकेत १९७७ च्या आधी बनलेल्या पीव्हीसी लाइनींत हे आढळलं, तेही मुख्यतः लाइनच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी साचून राहतं. त्यानंतर कारखान्यांत पीव्हीसीच्या पावडरीतून हा वायू काढून टाकायची पद्धत रूढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०००३ मिलिग्रॅम, म्हणजे फारच कडक आहे. सहा महिन्यांपूर्वी आयएसआय मार्कचा पाइप घातला असेल तर या मुद्द्यावर मी झोप घालवणार नाही.

माझी झोप शिशावर जाते. आपल्याकडे पांढऱ्या आणि करड्या पीव्हीसी पाइपांत शिशाचा स्टॅबिलायझर वर्षानुवर्षं सर्रास वापरला गेला, कारण तो स्वस्त आणि चालवायला सोपा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०२१ साली त्यासाठी वेगळे नियम केले. त्याआधीचे पाइप अर्थातच भिंतीत आणि जमिनीत आहेत तसेच आहेत. जुन्या पाइपाच्या पृष्ठभागावरचं शिसं बहुतेक धुऊन गेलेलं असतं, पण पाणी रात्रभर उभं राहिलं की थोडं पुन्हा येतं. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत शिसं जितकं कमी तितकं चांगलं.

तुमच्या इमारतीत मात्र शिशाचा पहिला संशयित पाइप नाही, पितळ आहे. सीपीव्हीसीची लाइन नळापाशी संपते तिथे पितळी चुडीची (आट्यांची) एल्बो असते, मग अँगल कॉक, मग नळ. साध्या पितळात कापाई सोपी व्हावी म्हणून शिसं घालतात. स्वस्त नळात किती घातलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वरचं क्रोमियम बाहेरून चकाकतं, पाण्याला लागतं ते आतलं पितळ. आणि जिथे जुन्या जीआयचा तुकडा ठेवून पुढे सीपीव्हीसी जोडली असेल तिथे चुडीवर सुतळी आणि सफेदा असतो. जुना पारंपरिक सफेदा म्हणजे शिशाचंच संयुग. आता टेफ्लॉन टेप असताना प्लंबरला सफेद्याचा डबा उघडू देऊ नका. त्याला राग आला तर येऊ दे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो रोज भेटतो. वॉटर प्युरिफायर विकायला येणारा माणूस टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांची बेरीज. ३०० टीडीएसच्या पाण्यात शिसं मर्यादेच्या पाचपट असलं तरी त्या मीटरवर काही हलत नाही. सांधे चिकटवायच्या सोल्युशनचा वास, जंतू, शिसं यांतलं काहीही तो दाखवत नाही. उलट खडकवासल्याचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी त्याच मीटरवर उत्तम दिसतं, आणि मऊ पाणीच धातूला जास्त खातं.

आता वासाकडे. सहा महिन्यांनी वास येतोय तर आधी वास कसला ते ओळखायचं. स्टीलचा झाकणाचा डबा घ्या, प्लॅस्टिकचा नको. सकाळी नळ उघडल्याबरोबर अर्धा डबा भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि झाकण जरासं सरकवून लगेच नाक लावा. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास आला तर ते सोल्युशन आहे, म्हणजे सांधे चिकटवायचा सिमेंट. त्यात टीएचएफ, एमईके, सायक्लोहेक्सानोन असले द्रावक असतात. चांगल्या कामात ते काही दिवसांत उडून जातात. पण प्लंबर घाईत ब्रश भरभरून लावतो तेव्हा जादा सोल्युशन पाइपाच्या आत ढकललं जातं, एल्बोत त्याचं तळं साचतं आणि आतला पाइपच मऊ होतो. असा सांधा मी कापून पाहिलेला आहे. आत पिवळट, रबरासारखा गोळा, नखाने दाबला तर खड्डा पडतो, आणि तोडल्याबरोबर नाकात झिणझिण्या येतात. तो गोळा महिनोन् महिने वास सोडत राहतो. बंद फ्लॅटमध्ये, जिथे पाणी खेळतच नाही, तिथे तर आणखी.

वास मातकट, कुबट असेल तर तो सोल्युशनचा नव्हे, थराचा. त्याबद्दल पुढे सांगतो. सडक्या अंड्यासारखा असेल आणि फक्त गरम पाण्याला असेल तर गीझर उघडा. दवाखान्यासारखा, डेटॉलच्या जवळ जाणारा वास किंवा चव असेल तर रबरी वॉशर, कनेक्शन पाइप किंवा वॉशिंग मशिनचा होज शोधा. क्लोरीन आणि अशा रबरातली फिनॉलं एकत्र आली की हा वास होतो, आणि तो अगदी कणभर असला तरी जिभेला कळतो. वॉशिंग मशिनच्या होजमध्ये उभं असलेलं पाणी मागे फिरून त्याच लाइनवरच्या स्वयंपाकघराच्या नळात येतं, हे लोकांना पटतच नाही. मशिनचा कॉक एक दिवस बंद ठेवून बघा.

तुमच्या सोसायटीत मी आणखी एक गोष्ट आधी तपासेन: जुनी जीआय लाइन पूर्ण तोडली का, नुसती डमी (तोंड बंद करायचं बूच) लावून भिंतीत तशीच सोडली? मुख्य लाइनला चिकटलेला असा बंद तुकडा राहिला की त्यातलं पाणी कधी खेळत नाही. रात्री ते सडतं आणि सकाळी पंप चालू झाल्यावर थोडं थोडं बाहेर येतं. नव्या पाइपाच्या नावावर बिल फाडलेल्या कितीतरी वासांचं मूळ हेच निघतं.

एचडीपीई आणि एमडीपीई या पॉलिथिलीनच्या पाइपांबद्दल दोन शब्द, कारण जमिनीतली महापालिकेची जोडणी हल्ली बऱ्याच ठिकाणी याच पाइपाची असते, आणि खेड्यांत जलजीवन मिशनमध्येही काळा-निळा पाइप तोच. पॉलिथिलीन हे पीव्हीसीइतकं घट्ट नसतं, आपल्या तापमानाला ते आतून सैल असतं. म्हणून त्याला लवचिकता येते, आणि म्हणूनच तेलकट पदार्थ त्यातून आरपार जातात. पेट्रोल पंपाशेजारून, गॅरेजच्या तेल मुरलेल्या जमिनीतून, डिझेल सांडणाऱ्या जनरेटरच्या चौथऱ्याखालून असा पाइप गेला असेल तर पाइप न फुटता, न गळता पाण्याला पेट्रोलचा वास येऊ शकतो. तिथे लोखंडी पाइप घालावा किंवा मधे अॅल्युमिनियमचा थर असलेला. बाकी ठिकाणी एचडीपीई उत्तम, कारण त्याचे सांधे वितळवून एकजीव होतात. ज्या गावात नळाला दिवसाआड दोन तास पाणी येतं तिथे गळका सांधा हा प्लॅस्टिकपेक्षा शंभरपट मोठा धोका आहे. पाणी बंद झालं की लाइन आत ओढते, आणि शेजारच्या गटाराचं पाणी त्या सांध्यातून आत येतं. काविळीच्या साथी अशा येतात.

मग पाइप म्हातारा होतो तेव्हा काय होतं? कंपन्या ५० वर्षांचं आयुष्य सांगतात. तो आकडा खोटा नाही, पण तो दाबाचा आहे. ठराविक तापमानाला, ठराविक दाबाखाली पाइप किती काळ फुटणार नाही, याचा चाचण्यांवरून पुढे वाढवलेला अंदाज. पाणी ५० वर्षं कसं राहील, याबद्दल तो आकडा काही बोलत नाही.

आत साचणारा थर ही खरी म्हातारपणाची गोष्ट. कोणत्याही पाइपाच्या आत जंतूंचा बुळबुळीत पापुद्रा बसतो, प्लॅस्टिक असो वा लोखंड. तांब्यात तो बसायला वेळ लागतो, पण शेवटी बसतो. पॉलिथिलीनमध्ये लवकर बसतो, कारण नव्या पाइपातून उतरणारे काही पदार्थ जंतूंना खाद्य म्हणून चालतात. पण लोक इथे एक विसरतात. जुन्या जीआय पाइपात गंजाच्या गाठी होतात, पाऊण इंचाच्या पाइपात बोटभरही जागा राहत नाही, आणि ते लोखंड पाण्यातलं क्लोरीन खाऊन टाकतं. महापालिकेने घातलेलं क्लोरीन वरच्या मजल्यापर्यंत पोचतच नाही. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी क्लोरीन जवळपास खात नाहीत. म्हणजे या एका बाबतीत तुमचं पाणी सहा महिन्यांपूर्वीपेक्षा आज चांगलं आहे, आणि पुढच्या सभेत हे त्या सभासदांना सांगायला हरकत नाही.

नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर क्लोरोस्कोपच्या नळीत थेंब घालून पिवळा रंग बघतो ना, तेच. शहरातल्या किती सोसायट्यांमध्ये हे कुणी बघतं? टाकी साफ केल्याची पावती असते, क्लोरीनची नोंद कुठेच नसते. चार थेंबांचं काम आहे. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत, तिथून डाउनटेकमध्ये, म्हणजे गच्चीवरून खाली घरांत येणाऱ्या पाइपात, असा दीड-दोन दिवसांचा प्रवास झाला की क्लोरीन शून्य होतं. मग पाइप कसलाही असो, थर वाढतोच. गच्चीची टाकी गरजेपेक्षा मोठी असणं हा आपल्याकडे मोठेपणा समजतात. पाण्याच्या दृष्टीने तो रोग आहे.

दुसरं म्हणजे ऊन. गच्चीवरून उघडी जाणारी सीपीव्हीसी लाइन तीन-चार उन्हाळ्यांत दक्षिणेच्या बाजूने फिकी पडते, हात फिरवला तर पांढरी भुकटी हाताला लागते. हा बिघाड वरच्या पातळ कातडीत असतो, आतल्या पाण्यात त्यातलं फारसं काही जात नाही. पण तेवढ्या कातडीने पाइप ठिसूळ होतो, एखादी शिडी आदळली की तडकतो, आणि तडकलेल्या जागेतून आत काय जातं ते वर सांगितलंच आहे. शिवाय मे महिन्यात त्या पाइपातलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापतं. कोमट, क्लोरीन नसलेलं, उभं पाणी जंतूंना सगळ्यात आवडतं. उपाय स्वस्त आहे: पाण्यात कालवायचा पांढरा अॅक्रिलिक रंग, दोन हात. ऑइल पेंट लावू नका, त्यातलं थिनर सीपीव्हीसीला तडे पाडतं. वाळवीसाठी औषध मारणारे लोक येतात तेव्हाही पाइपावर तेलकट औषध उडू देऊ नका, तेही तसंच. आणि पाइपातून उजेड जाता कामा नये. आयएस ४९८५ मध्ये पीव्हीसी पाइपातून ०.२ टक्क्यांहून जास्त उजेड पार होऊ नये अशी अट आहे ती शेवाळासाठी. पातळ, बिनमार्कचा पाइप उन्हात धरून तोंडाला हाताने आडोसा करून आत बघा, कधी कधी आत दुधी उजेड दिसतो. तो पाइप शेतात वापरा, घरात नको.

क्लोरीनने प्लॅस्टिक झिजतं का, हाही प्रश्न येतो. काही प्लॅस्टिकं झिजतात. अमेरिकेत साधारण १९७८ ते १९९५ या काळात घराघरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप घातले गेले, ते क्लोरीनच्या पाण्याने आतून ठिसूळ होऊन तडकले आणि प्रकरण कोर्टात गेलं. सीपीव्हीसी मुळातच क्लोरीन घातलेलं, त्याला नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं काही वाटत नाही. पॉलिथिलीनमध्ये मात्र क्लोरीनपासून बचाव करणारी द्रव्यं घातलेली असतात आणि ती हळूहळू संपतात, म्हणून गरम पाण्याला ते घालताना विचार करावा.

मायक्रोप्लास्टिकचं विचाराल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात, पिण्याच्या पाण्यात सध्या सापडणाऱ्या प्रमाणाने आरोग्याला धोका दिसत नाही आणि संशोधन वाढवायला हवं, असं म्हटलं. तुमच्या नळाच्या जाळीत सापडणारा पांढरा चुरा मात्र मायक्रो नाही, तो हॅक्सॉ ब्लेडने पाइप कापल्यावर न पुसलेला भुसा आहे. जाळी काढून धुवा, दोन-तीनदा धुतली की संपेल.

पाइपापेक्षा ज्याची जास्त काळजी घ्यावी असं एक प्लॅस्टिक बहुतेक घरांत असतं, ते म्हणजे मऊ होज. घरातला कडक पाइप आणि बागेचा होज दोन्ही पीव्हीसीच, पण होज मऊ करण्यासाठी त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, कित्येकदा त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त, आणि तो पाण्यात आणि तेलात उतरतो. कडक पाइपात तो नसतो. टँकरच्या गावांत हाच होज उन्हात पडलेला असतो आणि त्यातूनच पिंप भरलं जातं. मराठवाड्यात उन्हाळ्यात ही रोजची गोष्ट आहे. दुसरा होज मिळत नसेल तर निदान होजमध्ये उभं असलेलं पहिलं पाणी बाहेर सोडा, मग पिंपात लावा. आणि वापर झाला की होज रिकामा करून सावलीत टांगा.

तांब्याबद्दल. तांब्याचा पाइप चांगला आहे, महाग आहे, आणि तुम्हाला नको. मऊ पाण्यात तांबं सुरुवातीला उतरतं, बेसिनवर हिरवे-निळे डाग पडतात. शिवाय आपल्याकडे तांब्याचे सांधे नीट करणारा प्लंबर शोधावा लागतो, आणि तो कोणता सोल्डर वापरतोय यावर सगळं. शिसं टाळायला तांबं घालायचं आणि शिशाच्या सोल्डरने जोडायचं, असं होऊ नये. रात्रीचं पाणी सकाळी तांब्याच्या कळशीतून प्यायचं असेल तर जरूर प्या, त्यासाठी भिंती फोडायची गरज नाही.

गीझरचं पाणी चहाला किंवा भाताला घेऊ नका, एवढं मात्र घरोघर सांगा. गॅस वाचतो म्हणून बऱ्याच घरांत घेतात. गरम पाण्यात धातूही जास्त उतरतो आणि स्टॅबिलायझरही. आणि उकळल्याने शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं.

आता सोसायटीने काय करावं. सगळ्या घरांची तपासणी नको, ज्यांची तक्रार आहे अशी तीन-चार घरं आणि एक बंद फ्लॅट घ्या. रात्री अकरानंतर त्या घरांत स्वयंपाकघराचा नळ उघडायचा नाही. सकाळी सगळ्यात आधी, हात धुवायच्याही आधी, प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत पहिलं पाणी भरा. मग पाच मिनिटं नळ सोडून दुसरी बाटली भरा. मधलं पाणी बादलीत, झाडांना जाईल. दोन्ही बाटल्यांवर वेळ लिहा. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत शिसं, तांबं, लोह आणि जंतू एवढंच तपासायला सांगा, साठ गोष्टींच्या पॅकेजला बळी पडू नका. फक्त पहिल्या बाटलीत शिसं आलं तर त्या घरातले नळ आणि पितळी तुकडे बदला, आणि तोवर सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका. दोन्हींत आलं तर डाउनटेक, टाकीचे व्हॉल्व्ह आणि उरलेला जुना पाइप बघा. दोन्ही बाटल्या ०.०१ च्या आत असतील आणि वास फक्त बंद फ्लॅटमध्येच असेल तर तिथला नळ आठवड्यातून एकदा वॉचमनला सोडायला सांगा, आणि तांब्यासाठी जमवायचे पैसे गच्चीवरच्या लाइनीच्या रंगाला आणि क्लोरीनच्या थेंबांना घाला. त्यातूनही उरतील.